विद्यार्थ्यांच्या झोपेची किंमत

विद्यार्थ्यांच्या आत्महत्या हा विषय आता केवळ वृत्तपत्रांतील हळहळीपुरता राहिलेला नाही. तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. २४ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ जुलै रोजी, दुसऱ्या एका प्रकरणात शिक्षणसंस्था, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे या सर्वांना बंधनकारक अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे, ही त्यांतील एक ठळक सूचना. न्यायालयाला हे पाऊल का उचलावे लागले, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते आणि या विद्यार्थ्यांपैकी १,७६४ एकट्या महाराष्ट्रातील होते. ही संख्या इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होती.

अशा प्रत्येक मृत्यूमागे अनेक कारणांचा गुंता असतो आणि त्याचे खापर कोणत्याही एका गोष्टीवर फोडणे अविचाराचे ठरेल. परीक्षेचे दडपण, कर्ज काढून भरलेले शुल्क, जातीवरून होणारी अवहेलना, घरापासून दूर आलेले एकाकीपण, नोकरीची अनिश्चितता या साऱ्यांची चर्चा होते आणि ती व्हावयासही हवी. परंतु या चर्चेत विद्यार्थ्याच्या दिवसाचाच विचार होतो; त्याची रात्र कशी जाते, हे क्वचितच कोणी विचारते. वस्तुतः झोप हा मानसिक आरोग्याचा असा एक घटक आहे की, ज्याच्याविषयी शास्त्रीय पुरावा भरपूर आहे, ज्यावर उपाय तुलनेने स्वस्त आहेत आणि ज्याची बरीचशी सूत्रे विद्यार्थ्याच्या हाती नसून संस्थांच्या हाती आहेत. हा तिसरा मुद्दा आपल्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्षित राहिला आहे.

लक्षण की कारण?

मन अस्वस्थ असले की झोप लागत नाही, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. त्यामुळे निद्रानाश हे मानसिक विकाराचे केवळ एक लक्षण आहे; मूळ विकार बरा झाला की झोप आपोआप परत येईल, अशी वैद्यकशास्त्राचीही दीर्घकाळ समजूत होती. गेल्या काही दशकांतील संशोधनाने हा क्रम एकेरी नसल्याचे दाखवून दिले आहे. २०११ साली एकवीस दीर्घकालीन पाहण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना आरंभी नैराश्याचा विकार नव्हता, परंतु निद्रानाश होता, अशा व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका नीट झोपणाऱ्यांच्या दुप्पट असतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

अर्थात, एका गोष्टीमागून दुसरी आली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. दोहोंच्या मुळाशी तिसरेच काही असू शकते. या शंकेचे निरसन प्रयोगानेच होऊ शकते. असा प्रयोग ऑक्सफर्ड विद्यापीठातील डॅनियल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील निद्रानाशाने त्रस्त अशा ३,७५५ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला संगणकाद्वारे सहा सत्रांचे वर्तनोपचार देण्यात आले. दुसऱ्या गटाला हा उपचार दिला नाही. हा उपचार केवळ झोपेवर होता. मनातील चिंता, भीती वा संशय यांना त्याने हातही लावला नव्हता. तरीही ज्यांची झोप सुधारली त्या गटात संशयग्रस्तता, भास, नैराश्य आणि चिंता या सर्वांचे प्रमाण घटलेले आढळले. ही घट चमत्कार वाटावा एवढी मोठी नव्हती, हे खरे. परंतु झोप ही मनोविकाराच्या कारणांपैकी एक आहे, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

वयाचा संदर्भ ध्यानात घेतला म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळते. आयुष्यात केव्हाही जडणाऱ्या मनोविकारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश विकारांचा आरंभ वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत झालेला असतो, असे अमेरिकेतील २००५ च्या एका व्यापक पाहणीत दिसून आले. म्हणजे ज्या वर्षांत मन सर्वाधिक नाजूक अवस्थेत असते, नेमकी तीच वर्षे महाविद्यालयाची असतात. आणि झोपेची सर्वाधिक उधळपट्टीही याच वर्षांत होते.

शरीराचे घड्याळ

ही उधळपट्टी तरुणांच्या बेशिस्तीमुळे होते, असा वडीलधाऱ्यांचा सरसकट समज असतो. लवकर निजणाऱ्याला ज्ञान, आरोग्य आणि संपत्ती लाभते, ही शिकवण प्रत्येक मराठी घरात दिली जाते. तिच्यात तथ्य आहे. परंतु ती देताना शरीरशास्त्राची एक बाजू नजरेआड होते. झोपेचे नियमन दोन यंत्रणा करतात, ही उपपत्ती स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. माणूस जितका वेळ जागा राहील तितका झोपेचा दाब साचत जातो, ही पहिली यंत्रणा. उजेड-अंधाराच्या चक्राशी जुळवून घेणारे मेंदूतील जैविक घड्याळ ही दुसरी. पौगंडावस्थेत हे घड्याळ पुढे सरकते. झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा स्राव रात्री उशिरा सुरू होतो. हा सरकण्याचा क्रम विशीच्या सुमारास टोकाला पोहोचतो आणि मग हळूहळू उलट फिरतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला रात्री दहा वाजता झोप येत नाही, ती आळसामुळे नव्हे. चाळिशीतील पित्याला ती त्या वेळी येते, तीही सद्गुणामुळे नव्हे.

उशिरा झोप लागली तरी सकाळी उशिरा उठता आले, तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते पहाटे गजर लावून झोपेचे शेवटचे टोक तोडावे लागते तेव्हा. स्वप्नांची निद्रा रात्रीच्या उत्तरार्धात, विशेषतः पहाटेच्या प्रहरात, अधिक असते. आणि दिवसभरातील भावनिक अनुभवांची निरवानिरव करण्यात या निद्रेचा मोठा वाटा असतो, असे संशोधक मानतात. तेव्हा पहाटेचे दोन तास गमावणारा विद्यार्थी झोपेच्या एका विशिष्ट आणि मनाच्या दृष्टीने मोलाच्या हिश्शाला मुकतो. शनिवार-रविवारी तो दुपारपर्यंत झोपून ही तूट भरून काढू पाहतो, तर त्यामुळे घड्याळ अधिकच विस्कळीत होते. हार्वर्डमधील ६१ विद्यार्थ्यांच्या झोपेची ३० दिवस नोंद ठेवून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित आणि अनियमित झोपणाऱ्यांची एकूण झोप जवळपास सारखीच निघाली. तरीही अनियमित झोपणाऱ्यांची परीक्षेतील कामगिरी कमी प्रतीची होती आणि त्यांचे जैविक घड्याळ बरेच मागे पडलेले होते. किती तास झोपावे, याइतकाच केव्हा झोपावे हाही प्रश्न आहे.

सातचा तास

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे वेळापत्रक तपासून पाहण्याजोगे आहे. असंख्य महाविद्यालयांत सकाळी सातला, क्वचित त्याहूनही आधी, पहिला तास सुरू होतो. इमारत एक आणि विद्यार्थी दोन इमारतींत मावतील एवढे, अशी स्थिती असल्यामुळे सकाळ-दुपार अशा पाळ्यांची पद्धत रुजली. बदलापूरहून मुंबईच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनीला सातच्या तासासाठी पहाटे पाचच्या आसपासची लोकल पकडावी लागते. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाचा दिवस मुक्कामी एस.टी.च्या वेळेवर सुरू होतो. ती चुकली तर तासही चुकला. त्यातही मुलींना निघण्याआधी पाणी भरण्यापासून स्वयंपाकात हात लावण्यापर्यंतची कामे असतात, ती वेगळीच.

यात भूगोलाचीही एक भर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. मुंबई त्या रेषेच्या इतकी पश्चिमेला आहे की, तेथील सूर्याची वेळ घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असते. मुंबई शहराने १९५५ पर्यंत आपली स्वतंत्र वेळ टिकवून धरली होती, ती काही उगाच नव्हे. जानेवारीच्या मध्यास मुंबईत सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांनंतर होतो. म्हणजे सातचा तास शब्दशः सूर्योदयापूर्वी सुरू होतो. आणि संध्याकाळी सूर्य उशिरा मावळत असल्यामुळे झोपेची वेळही लांबते. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातील वेळ-वापराच्या पाहणीचा आधार घेऊन दाखवून दिले आहे की, सूर्यास्त तासाभराने उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. कारण झोपण्याची वेळ सूर्याप्रमाणे पुढे जाते, पण शाळेची घंटा घड्याळाप्रमाणेच होते. ही घट गरीब घरांत अधिक होते, हा त्यातील विशेष ध्यानात घेण्याजोगा भाग.

विद्यापीठीय विद्यार्थ्यांसंबंधीचा असाच पुरावा सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून आला आहे. तेथील २३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या संगणकीय नोंदींच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सकाळी आठच्या व्याख्यानांना हजेरी उशिराच्या व्याख्यानांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होती. आणि जे विद्यार्थी हजर राहत, ते झोप कमी करून हजर राहत. ज्यांच्या आठवड्यात सकाळचे तास अधिक, त्यांचे निकालही तुलनेने कमी होते. थोडक्यात, पहाटेच्या वेळापत्रकाने विद्यार्थ्याला दोनच पर्याय दिले: तास बुडवावा किंवा झोप.

महाराष्ट्र शासनाने हे तत्त्व मान्य केलेलेच नाही, असेही नाही. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु शरीरशास्त्राच्या कसोटीवर लावून पाहता, आठ वर्षांचे मूल स्वभावतःच लवकर झोपते व लवकर उठते. ज्याचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते तो अकरावी ते पदवीपर्यंतचा विद्यार्थी. जेथे गरज अधिक तेथे विचार थांबला.

चेन्नईचा धडा

वेळापत्रक बदलले की सारे सुरळीत होईल, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. चेन्नईतील कमी उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांवर काही अर्थशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत. परंतु प्रत्यक्षात झोप होई ती साडेपाच तासांची. उकाडा, डास, गोंगाट आणि दाटीवाटी यांमुळे झोपेचे सतत तुकडे पडत. काहींना सल्ला, काहींना साधने, काहींना पैशांचे प्रोत्साहन देऊन रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढवण्यात आली. त्याचा त्यांच्या कामावर वा मनःस्थितीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. याउलट, कामाच्या ठिकाणी शांत जागेत दुपारी अर्ध्या तासाची झोप ज्यांना मिळाली, त्यांची उत्पादकता, एकाग्रता आणि मानसिक स्वास्थ्य ही तिन्ही सुधारली. पुण्याच्या ज्या वामकुक्षीची आजवर थट्टाच झाली, तिला अर्थशास्त्राचा असा अनपेक्षित आधार मिळाला.

या प्रयोगाचा अर्थ रात्रीची झोप निरुपयोगी आहे, असा नव्हे. झोपेचे तास वाढवूनही तिचा दर्जा निकृष्टच राहिला, तर लाभ होत नाही, असा तो घ्यावयास हवा. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या हजारो तरुणांकडे पाहिले की हा दर्जाचा प्रश्न कळतो. एका खोलीत चार-पाच कॉट. एकाचा दिवा दोनला मालवतो तर दुसऱ्याचा गजर चारला वाजतो. अभ्यासिका रात्रभर उघडी. अशा खोलीत शिस्तप्रिय विद्यार्थीही नीट झोपू शकत नाही. त्यात ध्वनिक्षेपकांची भर. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आहेत आणि शिक्षणसंस्थांभोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. नियम कागदावर आहे. वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत तो पोहोचत नाही.

मोबाईल दूरध्वनीचा दोष यात नाकारता येणार नाही. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि मध्यरात्र ही तरुणांची करमणुकीची वेळ झाली. परंतु ज्या विद्यार्थ्याचा दिवस प्रवास, तास, प्रात्यक्षिके आणि अर्धवेळ नोकरी यांनी भरून गेलेला आहे, त्याला स्वतःचा म्हणावा असा वेळ रात्री अकरानंतरच मिळतो, हेही तितकेच खरे. केवळ मोबाईल काढून घेतल्याने त्याला दिवसातील वेळ परत मिळत नाही.

याखेरीज जागरणाला आपल्या समाजात एक नैतिक प्रतिष्ठा आहे. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठ्या झालेल्या पुरुषांच्या कथा सांगून पिढ्या वाढल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त अनेक महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. ज्ञानोपासनेला एक दिवस वाहिलेली ती आदरांजली आहे आणि तिचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु प्रतिकूलतेवर मात करणाऱ्यांचा अपवादात्मक पराक्रम हा रोजचा मापदंड बनवून, जो सात तास झोपतो तो पुरेसा कष्टाळू नाही, असा निष्कर्ष शिकवणी वर्गांनी व पालकांनी काढावा, हे त्या महापुरुषांच्या चरित्राचेही चुकीचे वाचन आहे. १८ ते २५ या वयात सात ते नऊ तासांची झोप आवश्यक असते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय निद्रा प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या विचारविनिमयानंतर सांगितले आहे. ती चैन नव्हे.

खर्च कोणाच्या माथी?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर झोप ही फुकटची वस्तू समजली गेली आहे. दोन पाळ्या केल्या म्हणजे इमारतीचा खर्च वाचतो, ही बचत संस्थेच्या ताळेबंदात दिसते. वसतिगृहाच्या खोलीत दोनाऐवजी चार खाटा टाकल्या की उत्पन्न वाढते, हेही दिसते. या बचतीची किंमत विद्यार्थी झोपेच्या रूपाने मोजतो. परंतु ती कोणत्याही हिशेबाच्या वहीत नोंदली जात नाही. ज्या वस्तूला किंमत नाही तिचा अपव्यय होतो, हा नियम येथेही लागू पडतो. पुढे ही तूट नापासांच्या संख्येत, गळतीत, औषधोपचारांत आणि कधी कधी भरून न येणाऱ्या हानीत उमटते. तेव्हा ती कुटुंबाच्या माथी येते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. सकाळचे महाविद्यालय हे अनेक गरीब विद्यार्थ्यांचा आधार आहे. अकरापर्यंत तास संपवून तो दुकानात वा कार्यालयात कामाला जातो. घराला चार पैसे मिळतात. सातचा तास सरसकट रद्द केला, तर त्याचे शिक्षणच सुटण्याचा धोका आहे. म्हणून सक्ती न करता पर्याय द्यावेत, हेच शहाणपणाचे. ज्यांना सकाळची पाळी हवी त्यांच्यासाठी ती असावी. परंतु केवळ इमारतीच्या सोयीसाठी ती सर्वांवर लादली जाऊ नये. निदान प्रथम वर्षाचे विद्यार्थी, लांबून येणारे आणि वसतिगृहात नव्याने आलेले यांना उशिराची पाळी निवडता यावी. रोज वेगळ्या वेळी सुरू होणारे वेळापत्रक टाळून आठवडाभर एकच वेळ ठेवणे, यासाठी तर एक पैसाही लागत नाही. परीक्षा सकाळच्या पहिल्या सत्रात न ठेवणे, प्रकल्प सादर करण्याची मुदत मध्यरात्रीऐवजी सायंकाळी सहाची ठेवणे, वसतिगृहात अभ्यासाची खोली निजण्याच्या खोलीपासून वेगळी करणे, मच्छरदाण्या व पंखे पुरवणे, दुपारी तासभर एखादी शांत खोली विश्रांतीसाठी खुली ठेवणे हे सारे प्राचार्यांच्या आणि विद्यापीठाच्या अधिकारातील आहे.

समुपदेशकांच्या कामातही झोपेचा प्रश्न मोलाचा ठरू शकतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुसंख्य मनोरुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले होते. सेवांचा अभाव हे त्याचे एक कारण. लोकलज्जा हे दुसरे. आपले मन ठिकाणावर नाही, असे म्हणावयास आपल्याकडील विद्यार्थी धजत नाही. पण झोप लागत नाही, हे तो सहज सांगतो. कित्येक आठवडे झोप उडालेली असणे, रोज पहाटे तीनला दचकून जाग येणे, किंवा याच्या उलट, दोन-तीन तासच झोपून विलक्षण उत्साह वाटणे या धोक्याच्या सूचना असू शकतात. प्राध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि खोलीतील मित्र यांना एवढे ओळखता आले, तरी योग्य माणूस योग्य वेळी डॉक्टरांपर्यंत पोहोचेल. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेली टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर असावयास हवा. निद्रानाशावरील वर्तनोपचार मराठीतून देता येतील असे साहित्य मानसशास्त्र विभागांनी तयार करणे, हेही विद्यापीठांना न झेपणारे काम नाही.

झोप सुधारल्याने शुल्क कमी होणार नाही, नोकऱ्या निर्माण होणार नाहीत, वर्गातील अवहेलना थांबणार नाही. त्या प्रश्नांवरची उपाययोजना झोपेच्या चर्चेआड दडवली जाऊ नये. परंतु या साऱ्यांना तोंड देण्याचे बळ ज्या मनात असावे लागते, ते रोज रात्री थोडे थोडे खचत राहिले, तर बाकीचे उपायही तोकडे पडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक संस्था आता मानसिक आरोग्याचे धोरण आखणार आहे. त्या धोरणात समुपदेशकाच्या नेमणुकीबरोबरच पहिला तास किती वाजता भरतो, एका खोलीत किती विद्यार्थी निजतात आणि रात्री दहानंतर वसतिगृहाच्या आवारात किती शांतता असते, या तीन गोष्टींची नोंद दरवर्षी प्रसिद्ध करण्याचे बंधन विद्यापीठांनी घालून घ्यावे. नोंद होऊ लागली म्हणजे निदान पालकांना आणि विद्यार्थ्यांना तिच्याविषयी जाब विचारता येईल.